बांधावरचा डबा

फुटबॉलला मी जन्मात पाय लावला नाही. एकदा चेंडू आपणहून माझ्याकडे घरंगळत आला होता, तेव्हा मी बाजूला झालो. तरीही लोणावळ्याच्या घाटमाथा क्लबासाठी पाच पावसाळे माणसं गोळा करायचं काम मी केलं. पुढे बाजारपेठेत माझं पाट्या रंगवायचं दुकान झालं, त्याची उमेदवारी मी त्या मैदानावरच केली. दुकानाबद्दल मला विचारणारे पुष्कळ भेटतात, क्लबाबद्दल कुणी विचारत नाही. म्हणून क्लबाबद्दलच लिहितो.

मी मूळचा वऱ्हाडातला. मराठी पाचवीत असताना वडील गेले आणि शाळा सुटली. मामा रेल्वेत होता, त्याने लोणावळ्याच्या इंजिन शेडमध्ये मला चिकटवून दिलं. मालगाडीच्या वाघिणींवर नंबर रंगवायचे, हे काम. सहा महिन्यांत मामाची बदली भुसावळला झाली आणि मी एकटा उरलो. गावात ओळखीचं कुणी नाही, बोलणं वेगळं. मी "काहून" म्हटलं की शेडमधले हसायचे. पाऊस तर असा, की आमच्याकडे वर्षात पडतो तेवढा इथे आठवड्यात. धाकधूक कायमची. ब्रश जरा थरथरला तरी वाटायचं, आता आपल्याला घरी धाडतात.

शेडमधले फिटर पेद्रू मास्तर मूळचे गोव्याचे, क्लबाचे कप्तान. एकदा त्यांनी माझे नंबर बघितले आणि म्हणाले, "ए वऱ्हाडी, हाथ चांगला हाय तुझा. आमचा एक बोर्ड करून दे ना बाबा. पैसा नाय, पण रविवारचं जेवण माझ्या घरी." त्या एका बोर्डावर मी कितीतरी रविवार जेवलो. त्या घराचे उपकार मी विसरलेलो नाही. क्लबात कुणी मला "शिकलास किती" असं विचारलं नाही. मी फक्त "पेंटर" होतो.

आता हे काम म्हणजे नेमकं काय, ते सांगतो. आमच्या मैदानाला कुंपण नव्हतं, त्यामुळे तिकीट लावायची सोय नव्हती. रस्त्यावरून जाणारासुद्धा छत्री घेऊन उभा राहिला की प्रेक्षक. मग मधल्या सुट्टीत चार खेळाडू एका चादरीची चार टोकं धरून मैदानाभोवती फिरायचे आणि लोक चादरीत जमेल ते टाकायचे. तेवढ्यावर चेंडू, फुगवायचा पंप, बाहेरगावच्या संघाचा चहा, सगळं चालायचं. म्हणजे क्लब जगवायचा तर माणसं यायला हवीत, आणि माणसं यायला हवीत तर त्यांना कळायला हवं. ते कळवणं माझ्याकडे होतं.

मी काय काय केलं! स्टेशनच्या नळाजवळ पाटी लावली, कारण पाणी भरताना माणूस उभा राहतो आणि उभा राहिलेला माणूस वाचतो. बैलगाडीच्या दोन्ही अंगांना कापडी फलक बांधून खंडाळ्यापर्यंत फिरवले. एकदा तर पुण्याकडे जाणाऱ्या वाघिणींवर खडूने सामन्याची जाहिरात लिहून सोडली. पुण्याहून कुणी आलं नाही. तीन आठवड्यांनी त्यातली एक वाघीण शेडमध्ये परत आली. माझ्या अक्षरांखाली दुसऱ्या कुणीतरी खडूने लिहिलं होतं, "दौंडास या, मग दाखवतो." पेद्रू मास्तर इतके हसले की त्यांनी ती वाघीण धुवू दिली नाही.

देणगी मागायला गेलं की माणसं खरी कळतात. बाजारातल्या एका चिक्कीवाल्या शेटांनी नवा चेंडू द्यायचं कबूल केलं, अट एवढीच की त्यांचं नाव चेंडूवर रंगवायचं. मी रंग कालवायला घेतला आणि तोंडातून निघून गेलं, "शेटजी, अकरा आणि अकरा बावीस जण तासभर तुमच्या नावाला लाथा मारणार." शेटांनी चेंडू परत मागवला. पुष्कळ मिनतवारी करून गोलच्या खांबावर नाव घालायचं ठरलं. खंडाळ्याच्या एका बंगल्यातल्या म्हाताऱ्या पारशी बाईंनी पैसे दिले नाहीत, पण गोलकीपरसाठी लोकरीचे लांब मोजे विणून दिले. पावसात ते मोजे पाणी पिऊन असे जड व्हायचे की बिचाऱ्याला उडीच मारता येईना. बाई दर सामन्याला रिक्षात बसून मोजे बघायला यायच्या. माणसांनी ओढायची रिक्षा होती ती. मोजे काढायची आमची छाती होईना. तीन सामने आम्ही त्या मोज्यांपायी हरलो.

असं माझं बरं चाललं होतं. चौथ्या पावसाळ्यात पार्सल ऑफिसात माधव वर्तक नावाचा नवा क्लार्क आला.

वर्तक मॅट्रिक झालेला होता. पेणकडचा. उजळ, शिडशिडीत, पांढरं धोतर, बोलणं असं की ऐकणाऱ्याला आपणच शहाणे वाटावं. खेळायचाही बरा. दर महिन्याला त्याच्या आईकडून त्याला डबा यायचा, पोह्याचे पापड आणि लाडू, आणि तो उघडून सगळ्यांपुढे ठेवायचा. माझ्या आईला लिहिता येत नव्हतं. तिचं पत्र कुणाकडून तरी लिहून घेतलेलं, दोन ओळींचं. मी त्याचे लाडू खाल्ले आणि खाताना जळलो. आज लपवायचं कारण नाही. माणसाच्या लाडवांचासुद्धा हेवा करता येतो.

आल्या आल्या दुसऱ्याच आठवड्यात त्याने माझी पाटी वाचली आणि म्हणाला, "अक्षर फार सुरेख आहे हो. पण वेळ सर्वांत खाली आहे. लोक वेळ आधी बघतात." सगळे म्हणाले, खरंच की. खरंच होतं, तीच तर माझी दुखरी जागा होती. मी वेळ वर घेतली, आणि त्या दिवसापासून रात्रंदिवस एकच धास्ती लागली की माझी जागा हा घेणार. मॅट्रिक झालेल्या माणसाला क्लब सोडला तर जग मोकळं होतं. मला क्लब सोडला तर वाघिणी होत्या.

पुढच्या, म्हणजे पाचव्या पावसाळ्यात मैदानावरच संकट आलं. मैदान म्हणजे एका बंगल्याच्या शेटांचं गवताचं रान. दिवाळीनंतर तिथलं गवत कापून विकलं जायचं. आमच्या खेळण्याने गवत तुडवलं जातं, म्हणून शेटांनी निरोप धाडला: नारळी पौर्णिमेच्या आत गवताची भरपाई द्या, नाहीतर तारेचं कुंपण घालतो. एवढा पैसा आमच्या चादरीत कधी पडला नव्हता. तेव्हा पुण्याकडच्या एका नावाजलेल्या संघाला बोलवायचं, मोठा सामना करायचा आणि मैदान माणसांनी भरायचं, असं ठरलं. सामना दोन आठवड्यांवर. पेद्रू मास्तरांच्या ओसरीत बैठक बसली.

मी तयारीने गेलो होतो. बैलगाडी, दोन फलक, वर हलगीवाला, आणि वलवणपासून भाजे गावापर्यंत फेरी. मी सांगत असतानाच वर्तक हळूच म्हणाला, "फलक वाचायला माणसं रस्त्यावर हवीत. सध्या ती खाचरात आहेत."

भाताच्या लावणीचे दिवस होते. सगळं मावळ गुडघाभर चिखलात वाकलेलं. मी कापसाच्या मुलखातला, माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं.

"मग काय करायचं?" पेद्रू मास्तर म्हणाले.

"आपणच खाचरात जाऊ," वर्तक म्हणाला. "किसनच्या घरची लावणी मागे पडली आहे. आपण त्यांच्याकडे इर्जिक करू."

किसन आमचा डावीकडचा खेळाडू, वाऱ्यासारखा पळणारा, वलवणच्या खंडू आबांचा मुलगा. आबांच्या पायाला कुऱ्हाड लागली होती, म्हणून लावणी अडली होती आणि किसनला सरावाला येता येत नव्हतं. इर्जिक म्हणजे, ज्याचं काम अडलं त्याच्या शेतावर सगळ्यांनी एक दिवस राबायचं. घरधनी जेवण घालतो, मजुरी कुणी घेत नाही, कुणी देत नाही. आबांना वलवणमध्ये मान होता. ते मैदानावर आले की वलवण येणार, आणि वलवण आलं की आजूबाजूच्या वाड्या.

किसन उठून उभाच राहिला. "म्हाताऱ्याला लय बरं वाटंल मास्तर!" सगळे वर्तकच्या पाठीवर थापा मारू लागले. माझा हलगीवाला कुणाच्या ध्यानातही उरला नाही. मीही थाप मारली, जरा जोरात.

रविवारी सकाळी आम्ही पंधरा-वीस जण वलवणला गेलो. आबा लंगडत बांधापर्यंत आले, डोक्यावर पोत्याची खोळ. "या रं पोरांनो. रेल्वे आज चिखलात चालवायची व्हय?" असं म्हणून हसले. त्यांच्या मालकीणबाई, जनामावशी, रोपाच्या मुठी वाटत होत्या. गावच्या बायका आमच्याकडे बघून तोंडाला पदर लावत होत्या. पेद्रू मास्तर पहिल्याच पावलाला बसकण मारून चिखलात बसले. "इंजिन घसरलं गं बया!" एक म्हातारी ओरडली.

वर्तकने धोतर वर खोचलं आणि वाकला. पेणकडचा भातवाला तो. अंगठा आणि दोन बोटं, रोप गेलं चिखलात. जनामावशी म्हणाल्या, "ह्यो बामणाचा ल्योक कुटं शिकला म्हनायचा?" मी चार रोपं लावली. ती चारही वर आली. मावशींनी माझ्या हातातली मूठ काढून घेतली आणि माया करून म्हणाल्या, "तू बांधावं उबा ऱ्हा लेका. मुठी दे."

मी बांधावर उभा राहिलो. माझ्या पोत्यात एक गोष्ट होती, ती कुणाला माहीत नव्हती.

आदल्या संध्याकाळी मी घासलेटचा एक डबा कापून, त्याला वर खाच पाडून, लाल रंगवला होता. त्यावर पांढऱ्या अक्षरांत, "घाटमाथा क्लबाचे मैदान वाचवा. मदत टाका." रेल्वेचे बाबू चिखलात उतरलेत म्हटल्यावर बघायला लोक जमणार, बंगल्यांतले पाहुणेही येणार. वर्तकच्या युक्तीत माणसं होती, पैसा नव्हता. पैसा माझ्या डब्याने येणार होता. संध्याकाळी लोक म्हणणार, कल्पना वर्तकची, पण खरी कमाल पेंटरची. मैदानावर आम्ही चादर फिरवतो तिथे कुणाला राग येत नाही, मग बांधावर डबा ठेवला तर काय बिघडलं? इतकंच माझं डोकं चाललं. विचारावं कुणाला, तर विचारलं की कल्पना वाटली जाते.

दुपारी बघे जमले. छत्र्या घेतलेले तीन-चार पाहुणे बांधावर आले. मी पोत्यातून डबा काढून दगडावर ठेवला आणि दोन पावलं मागे सरकून आभाळाकडे बघू लागलो. एका पाहुण्याने वाचलं, खिशात हात घातला आणि नाणं टाकलं. रिकाम्या डब्यात ते असं वाजलं की अख्ख्या खाचरातल्या माना वर झाल्या.

आबा लंगडत आले. डब्याकडे बघितलं. वाचता येत नव्हतं त्यांना, पण खाच कशासाठी असते ते कळायला अक्षर लागत नाही. त्यांनी डबा उलटा करून नाणं काढलं आणि दोन्ही हातांनी पाहुण्याला परत दिलं.

"पावनं, ह्ये तुमचं. माजं शेत मदत मागाय बसल्यालं न्हाई."

पाहुणे गोंधळून निघून गेले. आबा खाचराकडे वळले. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं.

"माज्या दारी इर्जिक, आन् माज्याच बांधावं भिकंचा डबा. उद्या गाव म्हनंल, खंडूनं पायाचं निमित्त करून झोळी पसरली. कुनाचं डोस्कं ह्ये?"

मी हात पाठीमागे लपवले. सगळे एकमेकांकडे बघत होते. आणि वर्तक चिखलातून बाहेर आला. डब्याजवळ आला, तो गुडघ्याने बाजूला सारून, हात जोडून आबांसमोर उभा राहिला.

"इर्जिकीची कल्पना माझी होती, आबा. तिच्यात जे चुकलं ते माझंच."

खोटं तो बोलला नाही. एक अक्षरही खोटं नव्हतं. आणि मला काय वाटलं सांगू? लाज नंतर वाटली. आधी वाटलं, किती नेमकं बोलला! माफी मागायचीही मला अशी येणार नाही. त्या क्षणीसुद्धा मी जळत होतो.

"जेवा आता," आबा म्हणाले. "जेवल्याबिगर माज्या दारातनं कुनी जायाचं न्हाई. आन् जेवल्यावं कुनी खाचरात पाय घालायचा न्हाई."

जेवण झालं. आबांनी स्वतः वाढलं, स्वतः बसले नाहीत. निम्मं शेत तसंच राहिलं. निघताना किसन मान खाली घालून म्हणाला, "मास्तर, आता मला म्हातारा सोडायचा न्हाई."

वाटेत पेद्रू मास्तर वर्तकवर उखडले. "तेरे को कोणी सांगितला डबा ठेवायला? मैदान गेला, किसन गेला, गाव गेला!" वर्तक पायाचा चिखल झाडत चालत राहिला. पुढच्या बैठकीला येऊ नको, असं त्याला सांगण्यात आलं.

म्हणजे मला हवं होतं तेच झालं. जागा माझी मला परत मिळाली. सोमवारी मास्तर म्हणाले, "पेंटर, आता तूच बघ बाबा." वर्षभर मी याच वाक्याची वाट बघत होतो. मी फलक रंगवायला घेतला आणि एका दिवसात तीनदा पुसला. खाणावळीत ताट परत केलं. वर्तक पार्सल ऑफिसच्या खिडकीत बसलेला दिसायचा. मी दिसलो की नेहमीसारखी मान हलवायचा. एखादी शिवी दिली असती तर मी झोपलो असतो.

बुधवारी दुपारी पाळी संपल्यावर मी वलवणला गेलो. आबा ओट्यावर पाय लांब करून बसले होते. मी उभ्यानेच सांगून टाकलं, "आबा, डबा माझा होता. वर्तकचा नाही."

"व्हय," आबा म्हणाले. "ठावं हाय."

"काहून... म्हणजे कसं?"

"त्यो डबा लाल, आन् रंग वला. त्या दिशी तुजी बोटं बी लालच व्हती. वर्तक हात जोडून उबा ऱ्हायला, त्याचे हात नुसत्या चिखलाचे. मला वाचाय येत न्हाई रं, पर बगाय येतं."

मी खाली बसलो. "मग तेव्हाच काहून नाही बोललात?"

"कोन येतंय त्ये बगत व्हतो. तीन दीस लागलं तुला." मग आत बघून म्हणाले, "अगं, ह्याला च्या दे." चहा घेऊन मावशी आल्या त्या तिथेच टेकल्या.

"बग," आबा म्हणाले. "इर्जिकीत मानूस आपला दीस देतो. आज तू मला दीस दिला, उद्या मी तुला दीन. पैका मदी आला की त्यो दीस गेला, मजुरी झाली. आन् भीक आली तर मजुरी बी न्हाई. कळलं?"

"कळलं."

"मंग माजं निम्मं खाचर ऱ्हायलंय. रोप पिवळं पडाय लागलंय. लाव."

"मला येत नाही, आबा. माझी रोपं वर येतात."

"त्यानला तू आवडत नसशील," मावशी म्हणाल्या.

"पण रविवारी सामना आहे. फलक..."

"फलक कुनाला दावतू? समदं गाव चिखलात." आबांनी बशी खाली ठेवली. "तू माजं खाचर लाव. तुजा दीस मला. रविवारी मी गाव घिऊन येतो. माजा दीस तुला. किसन बी ईल. पर तू हितंच. रविवारचं बी."

म्हणजे पाच पावसाळ्यांतला सगळ्यांत मोठा सामना मी बघायचा नाही. मी हो म्हटलं.

त्याच संध्याकाळी पेद्रू मास्तरांना सांगितलं. "रविवारचा जेवण मी तुझा बंद करू काय?" म्हणाले. मी मान खाली घातली. "नाय करणार. पर वर्तक को पहले जाके बोल."

पार्सल ऑफिसात वर्तक आंब्याच्या रिकाम्या करंड्या मोजत होता. मी सांगितलं. तो म्हणाला, "माहीत होतं मला. तो डबा बाजूला केला ना, माझ्या धोतराला लाल रंग लागलाय. तुमच्या रंगातलं तेल कुठलं आहे हो? कशानेच जात नाही."

"माहीत होतं तर माझं नाव का नाही घेतलं?"

त्याने हातातली करंडी खाली ठेवली. "तुम्ही फार घाबरता. नाव घेतलं असतं तर तुम्ही गावच सोडून गेला असता."

इतकं माझ्या मनातलं त्याला कसं दिसलं, ह्याचासुद्धा मला हेवा वाटला. पण त्या दिवशी त्यात थोडा ओलावा होता.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार, पाळी संपली की मी खाचरात. मावशी शेजारी. "खोल घाल. रोपाला वाटलं पायजेल, आता हितंच नांदायचं." दर संध्याकाळी माझी निम्मी रोपं त्या पुन्हा लावायच्या. कंबर अशी धरली की शेडमध्ये वाघिणीचे वरचे नंबर मला दुसऱ्याकडून रंगवून घ्यावे लागले.

रविवारी दुपारी वलवण निघालं. आबा काठी टेकत पुढे, मागे पोरं, म्हातारे, बायका, इरली, छत्र्या, पोत्याच्या खोळी. मावशीसुद्धा हिरवं लुगडं नेसून निघाल्या. "मी कंदी बगितला न्हाई चेंडू," म्हणाल्या, "आता कोपरा तेवढा ऱ्हायलाय, त्यो तुजा तू कर." इतकी माणसं मैदानाकडे जाताना मी कधी पाहिली नव्हती, आणि त्यातल्या एकालाही माझ्या पाटीने बोलावलं नव्हतं.

गाव रिकामं झालं. मी एकटा वाकलेला. थोड्या वेळाने मैदानाकडून आवाज येऊ लागला. आधी नुसती गाज, मग एकदम उसळी, मग शांत. कुणी गोल केला? आमचा की त्यांचा? मी सरळ उभा राहून कान द्यायचो आणि पुन्हा वाकायचो. मधली सुट्टी झाली असावी, कारण हसण्याचा आवाज आला. चादर फिरत असणार. चादरीचं टोक कुणी धरलं असेल, ह्याचाही मला हेवा वाटून गेला. मग पुन्हा उसळी, ही मोठी. मग पाऊस आला आणि काहीच ऐकू येईना.

पाऊस ओसरला तेव्हा बांधावरून कुणीतरी येत होतं. वर्तक. एकटाच, सगळ्यांच्या आधी. खेळून अंग चिखलाने माखलेलं. न बोलता खाचरात उतरला, एक मूठ सोडली आणि माझ्या शेजारी वाकला.

"कोण जिंकलं?" मी विचारलं.

"ते. दोन एक. आपला गोल किसनचा."

"आणि चादर?"

"एक टोक फाटलं. जड झाली फार. गवतवाल्या शेटांचा माणूस तिथेच उभा होता, मास्तरांनी भरपाईचे पैसे त्याच्या हातात दिले. मैदान राहिलं."

मी पुढची मूठ सोडली. आम्ही दोघं मागे मागे सरकत लावत राहिलो. कोपरा संपत आला तेव्हा मी मान वर करून बघितलं. त्याने लावलेलं सगळं उभं होतं. माझ्या बाजूला चार-पाच रोपं पाण्यावर तरंगत होती. त्यालाही दिसली. तो पुढे झाला, एक उचललं आणि रोवायला वाकला.

त्या वेळी जगात मी कुणाचा सगळ्यांत जास्त ऋणी असेन तर त्याचाच होतो. तरी तोच जुना हेवा पुन्हा वर आला.

"ते राहू द्या वर्तक," मी म्हटलं. "माझं मी लावतो."

त्याने रोप माझ्या हातात दिलं. "लावा," म्हणाला. "पण खोल."